मनगट मोडलं! प्लास्टर, तारा, जेस की प्लेट?

‘घरचं आरोग्य’ या सदरात या वेळी असा विषय घेतलाय, जो घरात कधीच सांगून येत नाही. ओल्या फरशीवरून पाय सरकतो, फुटपाथवरची हललेली फरशी दगा देते किंवा स्कूटर वाळूवर घसरते. पडताना माणूस सावरायला हात पुढे करतो आणि अंगाचा सगळा भार तळहातावर येतो. मनगट सुजतं, वाकडं दिसतं आणि एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, “फ्रॅक्चर अनस्टेबल आहे. ऑपरेशन करावं लागेल.”

इथून घरात खरी धावपळ सुरू होते. एक डॉक्टर प्लेट टाकायला सांगतात. दुसरे म्हणतात, तारा घालून भागेल. तिसरे म्हणतात, “वय अठ्ठ्याहत्तर आहे ना? मग प्लास्टरच करू.” पुण्याहून मामा फोनवर वेगळंच सांगतात, कोपऱ्यावरचे काका हाडवैद्याचा पत्ता देतात, आणि ज्यांचा हात मोडलाय त्या आजींना कोणीच काही विचारत नाही! ठरवायला दिवस मात्र मोजकेच असतात, कारण दोन-तीन आठवड्यांत हाड आहे त्या जागी जुळायला लागतं.

गंमत म्हणजे हे तिन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. कसे, ते आज नीट समजून घेऊ. मी डॉक्टर नाही आणि हा लेख वाचून कोणी उपचार ठरवावा असंही नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय बोलतायत हे कळलं आणि चार योग्य प्रश्न विचारता आले, तर निर्णय घाबरून घेतला जात नाही.

नेमकं मोडतं काय?

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस आणि करंगळीच्या बाजूचं अल्ना. मनगटावर येणारा सुमारे ८० टक्के भार रेडियस पेलतं. हाताच्या बाजूचं त्याचं टोक रुंद असतं, पण आतून ते स्पंजसारखं असतं, म्हणून पडल्यावर बहुतेक वेळा तेच मोडतं.

या फ्रॅक्चरचं जुनं नाव ‘कोलीस’. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलीस यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे त्यांनी हे सगळं हाताने चाचपून ओळखलं होतं. हात थोडा वाकडा राहिला तरी पुढे तो दुखत नाही आणि चांगला चालतो, असंही त्यांचं निरीक्षण होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

‘अनस्टेबल’ म्हणजे काय?

हाड मोडलं की डॉक्टर हात बधिर करून, ओढून ते जागेवर बसवतात आणि प्लास्टर घालतात. काही हाडं तिथेच राहतात. काही मात्र प्लास्टरच्या आतल्या आत पुन्हा सरकतात. सरकण्याची शक्यता जास्त असलेलं फ्रॅक्चर म्हणजे अनस्टेबल.

हे ओळखायला लाफोंतेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये पाच खुणा सांगितल्या, त्या आजही वापरल्या जातात:

- मोडलेला तुकडा हाताच्या मागच्या बाजूला २० अंशांपेक्षा जास्त कललेला असणं
- मागच्या बाजूला हाडाचा चुरा झालेला असणं
- फ्रॅक्चरची रेघ सांध्यात शिरलेली असणं
- शेजारचं अल्नाही मोडलेलं असणं
- वय ६० च्या पुढे असणं

यातल्या तीन किंवा जास्त खुणा असल्या, तर हाड पुन्हा सरकण्याची शक्यता मोठी. म्हणजे साठीपुढच्या माणसाची एक खूण तर आधीच भरलेली असते.

आणखी तीन मोजमापं तुमच्या कानावर पडतील. रेडियसचा सांध्याचा पृष्ठभाग मुळात तळहाताकडे सुमारे ११ अंश कललेला असतो. हाड बसवल्यानंतरही तो मागे १० अंशांपेक्षा जास्त कललेला राहिला, हाडाची लांबी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त कमी झाली किंवा सांध्यात २ मिलिमीटरपेक्षा जास्त पायरी राहिली, तर ६५ वर्षांखालच्या माणसाला ऑपरेशनचा फायदा होतो, असं अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. ६५ नंतर मात्र ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या लोकांच्या हातात पुढे फारसा फरक दिसत नाही, असंही तीच सूत्रं सांगतात.

पहिल्या तासाभरात

उपचारांकडे वळण्याआधी घरी करायच्या गोष्टी. सगळ्यात पहिलं काम म्हणजे त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी आणि घड्याळ काढणं. सौभाग्याचा चुडा काढायला आजी तयार होणार नाहीत, पण सूज चढली की अंगठी बोटात रुतते आणि मग कापावी लागते. दुसऱ्या हातात चुडा राहू दे, असं समजावून सांगा.

हात कोपरापासून बोटांपर्यंत जाड पुठ्ठ्यावर किंवा गुंडाळलेल्या मासिकावर ठेवून ओढणीने बांधा, झोळीत अडकवा आणि छातीच्या उंचीला ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून लावा. चोळायचं नाही, ओढायचं नाही, तेल लावायचं नाही.

बंगळुरूत जागोजागी पुत्तूर कट्टूच्या पाट्या दिसतात. आंध्रातल्या पुत्तूर गावाच्या नावाने चालणारी ही हाडवैद्यांची परंपरा. पाल्याचा लेप, अंड्याचा पांढरा भाग आणि बांबूच्या पट्ट्या. आपल्याकडेही गावोगावी हाडवैद्य आहेत आणि त्यांच्यावर लोकांची श्रद्धा आहे. पण एक्स-रे न पाहता बांधलेल्या पट्टीत सांध्यातली पायरी कळत नाही आणि घट्ट बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटू शकतो. अनस्टेबल फ्रॅक्चरमध्ये तिथे घालवलेले दोन आठवडे परत मिळत नाहीत. आधी एक्स-रे, मग बाकीची चर्चा.

जखमेतून रक्त येत असेल किंवा हाड दिसत असेल, अंगठा-तर्जनी-मधलं बोट बधिर झालं असेल, बोटं गार किंवा निळसर पडली असतील, तर थांबू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

पर्याय १: प्लास्टर

सुरुवातीला सूज असते म्हणून अर्धं म्हणजे कच्चं प्लास्टर घालतात, सूज उतरल्यावर पक्कं. एकूण पाच ते सहा आठवडे. चिरा नाही, टाके नाहीत, खर्च सगळ्यात कमी.

अडचण एकच, हाड सरकण्याची. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढावा लागतो. “परवाच तर काढला, आता परत कशाला?” म्हणून तो टाळू नका. सरकलेलं हाड दहाव्या दिवशी कळलं तर पुन्हा बसवता येतं. सहाव्या आठवड्यात कळलं तर ते जुळून गेलेलं असतं.

पर्याय २: तारा

एक-दीड मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारा कातडीतून आत घालून मोडलेला तुकडा मूळ हाडाला टाचून ठेवतात. डॉक्टर याला के-वायर म्हणतात. जर्मन शल्यविशारद मार्टिन किर्शनर यांनी १९०९ मध्ये ही पद्धत मांडली, त्यांच्या नावाचा तो ‘के’. सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनवर बघत बघत तारा घालतात. मोठी चीर नसते, ऑपरेशन लवकर उरकतं. ताऱ्यांची टोकं बहुधा कातडीबाहेर ठेवतात आणि वरून प्लास्टर असतं. चार ते सहा आठवड्यांनी तारा ओपीडीतच काढता येतात.

तोटे कोणते? ताऱ्याच्या तोंडाशी पू होऊ शकतो. अंगठ्याच्या मुळाशी जाणारी संवेदनेची शीर दुखावून मुंग्या येऊ शकतात. हाड फार ठिसूळ असेल तर तारा पकड धरत नाहीत. आणि प्लास्टर काही चुकत नाही, म्हणजे मनगट तितके दिवस बंदच राहतं.

पर्याय ३: जेस, म्हणजे बाहेरचा सांगाडा

हा पर्याय आपल्या मुंबईचा आहे! मुंबईचे हाताचे शल्यविशारद डॉ. बी. बी. जोशी यांनी जोशीज एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टीम विकसित केली. तिची आद्याक्षरं घेऊन झालं ‘जेस’. पातळ पिना, छोटे जोडतुकडे आणि सळ्या असं सुटसुटीत सामान. हाताच्या दुखापतींसाठी आणि बाळांच्या वाकड्या पावलांसाठीही ते वापरलं गेलं. महागड्या परदेशी सांगाड्यांना परवडणारा देशी पर्याय म्हणून अनेक सरकारी रुग्णालयांत ते रुजलं.

मनगटासाठी काही पिना रेडियसमध्ये आणि काही तर्जनीच्या मागच्या तळहाताच्या हाडात घालतात, आणि दोन्ही बाजू सळ्यांनी ताणून धरतात. दोरीवर वाळत घातलेला चुरगळलेला कपडा दोन्हीकडून ओढला की सरळ होतो, तसं सांध्याभोवतीचे बंध ताणले की हाडाचे तुकडे रांगेत येतात. सांध्याच्या मधोमध खचलेला तुकडा मात्र नुसत्या ताणाने वर येत नाही, मग जोडीला तारा घालाव्या लागतात.

हाडाचा चुरा झाला असेल, जखम उघडी असेल, कातडी इतकी सुजली असेल की चीर देता येत नाही, तेव्हा हा सांगाडा फार कामाचा. त्रास म्हणजे साधारण सहा आठवडे हातावर ते लोखंड वागवावं लागतं, पिनांची रोज निगा ठेवावी लागते आणि जास्त ताणलं गेलं तर बोटं आखडतात. साडीच्या पदरात, शालीत, नातवाच्या केसात ते अडकतं. आजींची मानसिक तयारी आधी करून घ्या.

पर्याय ४: प्लेट

हल्ली खाजगी रुग्णालयात गेलात तर हेच नाव आधी ऐकू येतं. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूने चीर देऊन हाड डोळ्यांसमोर जुळवतात आणि त्यावर धातूची छोटी पट्टी स्क्रूने बसवतात. हे स्क्रू साधे नसतात. त्यांची डोकी प्लेटमध्येच आटे बसून पक्की होतात, त्यामुळे ठिसूळ हाडातही पकड चांगली राहते. २००० सालाच्या आसपास मायामीचे शल्यविशारद होर्हे ऑर्बे यांनी तळहाताच्या बाजूने बसवायची अशी प्लेट पुढे आणली आणि पाहता पाहता ती जगभर पसरली.

मोठा फायदा म्हणजे मनगट लवकर हलवता येतं, बऱ्याचदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. दात घासणं, वेणी घालणं, कीबोर्डवर हात ठेवणं लवकर सुरू होतं. तुकडा तळहाताच्या बाजूला सरकलेला असेल किंवा सांध्यात मोठी पायरी असेल, तर ताऱ्यांनी किंवा प्लास्टरने सहसा भागत नाही, तिथे प्लेटच लागते.

आता दुसरी बाजू. प्लेट जरा पुढे बसली तर अंगठा वाकवणारी शीर तिच्यावर घासून तुटू शकते. स्क्रू लांब झाले तर मागच्या बाजूची, अंगठा उचलणारी शीर घासली जाते. हे क्वचित होतं, पण महिन्यांनंतर, कधी वर्षांनंतरही होऊ शकतं. म्हणून प्लेट असलेल्या हाताचा अंगठा हलवताना करकर जाणवली किंवा दुखायला लागलं, तर तेव्हाच दाखवायचं. एरवी प्लेट काढायची गरज नसते, ती आत राहते.

चुरा फारच झाला असेल तर काही डॉक्टर हाताच्या मागून लांब ‘ब्रिज प्लेट’ घालतात. ती मनगट ओलांडून तळहाताच्या हाडापर्यंत जाते, म्हणजे जणू कातडीच्या आतला जेस. साधारण तीन महिन्यांनी ती काढायला दुसरं ऑपरेशन लागतं, हे आधीच विचारून घ्या.

मग जिंकतं कोण?

वाचकहो, हा भाग सावकाश वाचा.

ब्रिटनमधल्या १८ रुग्णालयांत ४६१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्यांना तारा, निम्म्यांना प्लेट. वर्षानंतर रुग्णांनाच विचारलं: मनगट किती दुखतं, कोणती कामं जमतात? दोन्ही गटांची उत्तरं जवळजवळ सारखीच. तारांचा खर्च मात्र कमी.

मग त्याच संशोधकांनी पुढचा प्रश्न घेतला. तारांची तरी गरज आहे का? ३६ रुग्णालयांत ५०० रुग्ण, निष्कर्ष २०२२ मध्ये. हाड बसवून निम्म्यांना नीट आकार दिलेलं प्लास्टर, निम्म्यांना तारा. वर्षानंतर पुन्हा तेच, फरक नाही! पण प्लास्टरच्या गटातल्या १३ टक्के लोकांचं हाड सरकलं आणि त्यांना सहा आठवड्यांच्या आत ऑपरेशन करावं लागलं. तारांच्या गटात असा एकच रुग्ण होता.

साठीपुढच्या लोकांचं काय? अमेरिका, कॅनडा आणि सिंगापूरमधल्या २४ केंद्रांनी प्लेट, तारा आणि बाहेरचा सांगाडा यांची तुलना केली, आणि ज्यांनी ऑपरेशन नको म्हटलं त्यांना प्लास्टर घालून तेही पाहिलं. सुरुवातीच्या आठवड्यांत प्लेटवाले पुढे होते आणि सांगाडेवाले मागे. वर्ष होता होता सगळे जवळपास एका रांगेत आले. प्लास्टरवाल्यांची हाडं एक्स-रेवर जास्त वाकडी होती, तरी कामं होत होती. ऑस्ट्रियातल्या २०११ च्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०२१ च्या अभ्यासांतही वयस्कर लोकांमध्ये प्लेट आणि प्लास्टर वर्षअखेरीस सारखेच ठरले. आठवलं ना, कोलीससाहेब १८१४ मध्ये काय म्हणाले होते?

पण इथे एक मेख आहे. ब्रिटनच्या या दोन्ही अभ्यासांत अशीच फ्रॅक्चर्स होती, जी न उघडता जागेवर बसवता येण्यासारखी होती. ज्यांचा सांधा उघडून जुळवावा लागतो, अशांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणून “अभ्यास सांगतो तारा पुरेत” हे वाक्य प्रत्येक मनगटाला लावता येत नाही. आणि ‘वर्षानंतर सारखंच’ या शब्दांत पहिले तीन महिने लपून जातात. ज्या बाईचं घर किंवा नोकरी तिच्या हातावर चालते, तिच्यासाठी तेच तीन महिने सगळ्यात महत्त्वाचे असतात.

हात कुणाचा, काम कुठलं?

तीन माणसं डोळ्यांसमोर आणा.

समजा चौतीस वर्षांचा मुलगा. आउटर रिंग रोडवर बाइकवरून पडलाय, सांध्यात पायरी आहे. पुढची चाळीस वर्षं हा सांधा वापरायचाय आणि पायरी राहिली तर सांध्याची झीज लवकर होऊ शकते. इथे प्लेटकडे कल झुकणं स्वाभाविक.

समजा अठ्ठावन्न वर्षांच्या काकू. उजवा हात, डब्यांचा व्यवसाय, फ्रॅक्चर मागे कललेलं पण सांधा ठीक. न उघडता हाड बसतंय. इथे तारा आणि प्लेट दोन्ही खुले आहेत. कामावर लवकर परतायचंय की खर्च आणि चीर टाळायची, हे काकूंनी ठरवायचं.

समजा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. डावा हात, मधुमेह, हृदयाच्या गोळ्या चालू. दिवस जातो देवपूजेत, पेपरात आणि नातवंडांत. मनगट किंचित वाकडं राहिलं तर चालणार असेल, तर प्लास्टर हा कमीपणाचा पर्याय नाही. ऑपरेशन न करणं म्हणजे आईची हेळसांड, असा एक अपराधी भाव मुलांच्या मनात असतो, विशेषतः दूर राहणाऱ्या. तो बाजूला ठेवा. पण आजी एकट्या राहत असतील, काठी धरून चालत असतील, तर हिशोब बदलतो. काठीला हात लवकर लागतो.

म्हणून निर्णयाआधी ज्यांचा हात आहे त्यांनाच विचारा: तुला या हाताने काय करायचंय? आपल्या घरातल्या साध्या गोष्टींतून मनगटाच्या सगळ्या हालचाली कळतात. तीर्थ घ्यायला तळवा वर वळावा लागतो. पोळी लाटायला तळवा खाली आणि जोर पुढे. नमस्काराला मनगट मागे वाकतं, खुर्चीवरून हात टेकून उठतानाही. कपडे पिळायला पकड लागते. यातलं कोणतं सुटलं तर चालेल आणि कोणतं नाही, हे एक्स-रेत दिसत नाही.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

मोबाइलमध्ये लिहून न्या:

१. हाड न उघडता बसतंय का? बसवल्यानंतरचा एक्स-रे दाखवाल का?
२. सांध्यात पायरी आहे का, किती? सीटी स्कॅन लागेल का?
३. या वयात, या हातासाठी प्लास्टर केलं तर सगळ्यात वाईट काय होईल?
४. तुम्ही स्वतः कोणती पद्धत नेहमी करता?
५. मनगट कधी हलवता येईल आणि कामावर कधी जाता येईल?
६. काही काढायला पुन्हा यावं लागेल का? ओपीडीत की ऑपरेशन थिएटरमध्ये?
७. भूल पूर्ण की फक्त हाताची?

शेवटचा प्रश्न वयस्कर माणसांसाठी महत्त्वाचा. मानेजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन फक्त हात बधिर करता येतो, पूर्ण भूल टळू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चौथा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. हातखंडा असलेल्या डॉक्टरांनी घातलेल्या तारा, सवय नसलेल्या हातांनी बसवलेल्या प्लेटपेक्षा बऱ्या.

पैशांचं बोलू

साधारण उतरंड अशी: प्लास्टर सगळ्यात स्वस्त, मग तारा, मग जेस, मग प्लेट, आणि परदेशी बनावटीची प्लेट सगळ्यात महाग. अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहायला सांगा. भारतीय आणि परदेशी प्लेटमधला फरक विचारा. डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचा स्टिकर, म्हणजे कंपनी आणि बॅच नंबर, फाइलमध्ये आहे का बघा. विम्याच्या दाव्यालाही तो लागतो आणि पुढे कधी प्लेट काढायची वेळ आली तर दुसऱ्या डॉक्टरांनाही.

खाजगीतला आकडा झेपत नसेल तर बंगळुरूत जयनगरजवळची संजय गांधी ट्रॉमा अँड ऑर्थोपेडिक्स ही खास हाडांसाठीची सरकारी संस्था आहे. व्हिक्टोरिया आणि बौरिंग ही सरकारी रुग्णालयंही आहेत. रांग असते, पण अशी मनगटं तिथे नेहमीच येतात. आयुष्मान कार्ड असेल तर सोबत न्या आणि योजनेच्या खिडकीवर आधीच चौकशी करा. गावाहून आलेल्या आई-वडिलांचं कार्ड महाराष्ट्रातलं असेल तर इथे चालेल का, हे दाखल होण्यापूर्वी विचारायचं, नंतर नाही.

आई-वडिलांना कन्नड येत नसेल तर वॉर्डात रात्री उपयोगी पडतील असे चार शब्द लिहून द्या. कै म्हणजे हात, नोवु म्हणजे दुखणं, ऊत म्हणजे सूज. मुंग्या आल्या किंवा हात बधिर झाला तर ‘जोमु हिडिदिदे’. शेवटचं वाक्य पाठच करून घ्या, कारण बधिरपणा वेळेवर कळवणं सगळ्यात गरजेचं.

घरी आल्यावर

कोणताही पर्याय निवडा, बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची. मूठ वळा, उघडा, अंगठा प्रत्येक बोटाला लावा. कोपर आणि खांदाही हलवा. झोळीत हात घालून महिनाभर गप्प बसलेल्या आजींचा खांदाच आखडून बसतो आणि मग मनगटापेक्षा तोच जास्त छळतो.

पहिले काही दिवस हात उशीवर, हृदयापेक्षा उंच. प्लास्टर आवळायला लागलं, दुखणं गोळीनेही थांबेना, बोटं बधिर वाटू लागली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. “सकाळी बघू” नको.

तारा किंवा पिना असतील तर तिथे पाणी लागू देऊ नका. टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याच्या या शहरात तर नाहीच. आंघोळीला पिशवी बांधा. ड्रेसिंग रुग्णालयात शिकवतील तसंच करायचं, हळद-तेलाचा प्रयोग नको. लाली, पू, ताप दिसला की दाखवायचं.

हात प्रमाणाबाहेर दुखणं, चकचकीत लाल होणं, घाम सुटणं, नुसता स्पर्शही सहन न होणं, ही वेगळ्या त्रासाची लक्षणं असू शकतात. “आई फार नाजूक आहे” म्हणून सोडून देऊ नका, लवकर उपचार झाले तर फायदा होतो.

प्लास्टर सुटल्यावर फिजिओथेरपीला जा. सुरुवातीला मनगट लाकडासारखं वाटेल. रोज थोडं थोडं कोमट पाण्यात हलवा, मग मऊ कणीक मळा, मग पोळपाट-लाटणं. पूर्ण ताकद यायला कित्येक महिने लागू शकतात, हे आधीच माहीत असलं की धीर सुटत नाही.

आणि एक शेवटचं काम

उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं, हा पन्नाशीपुढच्या बाईसाठी बऱ्याचदा हाडं ठिसूळ झाल्याचा पहिला निरोप असतो. मनगट जुळतं, सगळे खूश होतात आणि तो निरोप कोणी वाचतच नाही. पुढे काही वर्षांनी खुब्याचं हाड मोडतं, आणि त्याची गोष्ट मनगटासारखी सोपी नसते.

म्हणून प्लास्टर निघालं की डॉक्टरांना सांगून डेक्सा स्कॅन करून घ्या. त्यात टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, आणि त्यावर औषधं आहेत. ड जीवनसत्त्व तपासा. बाथरूममध्ये धरायला दांडी आणि न घसरणारी चटई बसवा, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा लावा, चष्म्याचा नंबर तपासा.

दांडी बसवायला प्लंबरला आजच फोन करा. तो येईपर्यंत ओल्या फरशीवर एक पायपुसणं तरी टाका, रबराच्या तळाचं.